पथ्याची पेज

आमचे बाबा देवाशी भांडायचे. रागाने नव्हे, हक्काने. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. बाबा हातात नारळ धरून उभे राहिले आणि "बा देवा म्हाराजा" म्हणाले, की मग कुणाची गाय आटली, कुणाच्या झिलाला मुंबईत नोकरी लागत नाही, कुणाच्या घरात भावाभावांचं पटत नाही, सगळं एका दमात देवापुढे मांडलं जाई, आणि मागे उभा असलेला गाव प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणे. मध्येच ते देवाला सुनावतही. "गेल्या वर्साक ह्यांच सांगितलेला, तू कानामागे टाकलंस. औंदा तसा चलाचा नाय." देवही बहुधा वरमत असावा, कारण गावाचा बाबांच्या गाऱ्हाण्यावर फार भरवसा होता. मला तर लहानपणी वाटायचं, आपल्या बाबांसारखं बोलणारं माणूस पंचक्रोशीत शोधून सापडणार नाही.

हाच माणूस तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांपुढे बसला की त्याच्या तोंडून एकच शब्द निघे. "व्हय."

डॉक्टर वाईट नव्हते. हे मी आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्यांना दोन शिव्या हासडील आणि तेवढ्यावर हात झटकून मोकळं होईल. फी कमी घ्यायचे, साप चावलेलं माणूस आणलं तर जेवणावरून उठायचे. त्यांच्या टेबलापुढे एक गादीची खुर्ची होती आणि बाजूला भिंतीलगत एक लोखंडी स्टूल. खुर्चीवर कोणी बसायचं आणि स्टुलावर कोणी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्यात कुणाची चूक झालेली मी कधी पाहिली नाही. आम्ही स्टुलावरचे. मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते, थोरला भाऊ गोव्यात कामाला, म्हणून बाबांबरोबर जायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी स्टुलामागे उभी राहायची.

बाबांना त्या वर्षी सारखी तहान लागे. विहिरीवरून कळशी आली की अर्धी तेच पीत. अंगावरचं मांस उतरलं, सदरा खुंटीला लावल्यासारखा दिसू लागला. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासून घेतली आणि कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता सांगितलं, "साखर आहे तुम्हाला. गोड बंद. या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या. पथ्य सांभाळायचं. समजलं ना?"

"व्हय," बाबा म्हणाले.

"चला, पुढचा पेशंट."

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणालो डॉक्टर?" बाबा म्हणाले, "साखर आसा म्हणता. गोड बंद, आणि पथ्य सांगितल्यान." आईने मान डोलावली. पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे माणूस आजारी पडलं की त्याला पेज. ताप असो, कावीळ असो, बाळंतीण असो, हाड मोडलेलं असो. पेजेने कुणाचं वाईट झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. आजही मला कुणी आजारपण म्हटलं की आधी औषधाचा नव्हे, उकड्या तांदळाचा वास येतो.

आईची पेज म्हणजे एक बघण्यासारखं काम होतं. पहाटे ती चुलीत शेणी आणि काजीची, म्हणजे काजूची, सुकी लाकडं सारायची, मातीच्या मडक्यात आधण ठेवायची, आणि तांदूळ वैरून झाले की चुलीशी पाट घेऊन बसायची. मी अंथरुणात असतानाच मला पेज रटरटल्याचा आवाज येई, मग करवंटीचा डवला मडक्याच्या काठावर दोनदा आपटल्याचा. तो आवाज आला की ओळखायचं, झाली. शितं अगदी फुटायच्या बेतात आलेली असत, वरचं पाणी दाट, किंचित लालसर. बरोबर आम्हाला भाजलेला सुका बांगडा किंवा फणसाच्या आठळ्यांची भाजी, खारातली कैरी. बाबांना मात्र आता नुसती मिठाची. आईने गुळाचा डबा उचलून शेजारणीकडे नेऊन ठेवला, आम्ही सगळेच कोरा, बिनगोडाचा चहा प्यायला लागलो. घरात एकाला बंद तर सगळ्यांना बंद, असा तिचा न्याय. मला तो चहा मुळीच आवडत नसे आणि मी तोंड वाकडं करी. आई म्हणायची, "बापसाक बरा होवने, मगे तुका साखरेत बुडवन ठेवतंय."

पण बरं काही होईना. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "कमी नाही झाली. उलट वाढली. पथ्य पाळता की नाही?"

"व्हय."

"गोड खाता?"

"नाय, डॉक्टरांनू."

"मग वाढेल कशी? चोरून खात असाल. तुम्हा लोकांना सांगून काही उपयोग नसतो बघा." त्यांनी गोळी वाढवून दिली. रात्री पानावर बसल्यावर बाबा म्हणाले, "माका दुपारचो भात पन नको. पेजच दी." मासळी त्यांनी आपणहून सोडली, उगीच उष्ण नको म्हणून. आता तिन्ही वेळा पेज. आई बिचारी शितं जास्त शिजवून देऊ लागली, पचायला सोपं जावं म्हणून. पुढच्या तपासणीला साखर आणखी चढलेली. पुन्हा बोलणी. पुन्हा घरी येऊन पथ्य आणखी कडक. आज मी हे लिहिताना मला ओरडावंसं वाटतं, पण त्या घरात तेव्हा ओरडून सांगणारं कुणी नव्हतं. आम्ही सगळे जीव तोडून बाबांना बरं करत होतो.

सगळ्यात वाईट ते पुढेच घडलं. डॉक्टर म्हणतात चोरून खातो, म्हणजे खातच असणार. डॉक्टर खोटं कशाला बोलेल? आईच्या मनात हे घर करून बसलं. गावची जत्रा झाली. जत्रेत खाज्याची दुकानं लागतात, गुळाच्या पाकातल्या आल्याचा वास गावभर दरवळतो, आणि बाबांना खाजं जिवापलीकडे आवडे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा घरापुढच्या खळ्यात दात घासत होते. आईने खुंटीवरचा त्यांचा सदरा काढला, खिसा उलटा केला आणि नाकाशी धरला. बाबांनी दारातून ते पाहिलं. मीही पाहिलं. बाबा आत आले, अंगात होती ती बंडीसुद्धा काढून त्यांनी तिच्या हातात दिली. "हुंग," म्हणाले. "नीट हुंग." आणि उघड्या अंगाने जाऊन खळ्यातल्या तुळशीशी बसले. आई बंडी हातात धरून तशीच उभी. देवापुढे सगळ्या गावाच्या वतीने खरं बोलणारा माणूस आपल्याच घरात खोटा ठरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाची लाज वाटत होती ते मात्र कळत नव्हतं. बाबांची, की आईची, की आपण या घरात जन्मलो त्याची.

काजी पडायच्या दिवसांत बाबांच्या पायाला बागेत एक खुंट लागला. अनवाणीच फिरायचे. जखम एवढीशी. पण ती भरेना. आईने हळद लावली, दवाखान्यात मलमपट्टी झाली, तरी अंगठ्याशेजारचं बोट काळं पडत चाललं. घरभर एक गोडूस, घाण वास राहू लागला. डॉक्टर म्हणाले, "साखर खाली आली नाही तर गोव्याला मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. तिथे कापतील. किती कापतील ते मी सांगू शकत नाही." यावरही बाबा "व्हय" म्हणाले. घरी परतताना एसटीत मात्र त्यांनी मला विचारलं, "पाय नसलो तर चिखलणीक कोण उतरतलो गो बाय?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मे महिन्यात भाईकाका मुंबईहून आले. ते बाबांचे चुलत भाऊ, एकाच आजोबांचे नातू. नाक सारखं, कपाळ सारखं, हसल्यावर डोळे मिटायची तऱ्हाही सारखी. फरक एवढाच, की काका एका मोठ्या कचेरीत साहेब होते, इस्त्रीचा शर्ट आणि पायात बूट. त्यांनाही नुकतीच साखर निघालेली. बाबांच्या पट्टीचा दिवस होता, तेव्हा काका म्हणाले, "चल, मीही दाखवून येतो, डॉक्टरांची ओळख होईल." आम्ही तिघे गेलो. बाबा सवयीने स्टुलावर बसले. डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं, त्यांच्या बुटांकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे केली. "बसा ना, बसा."

मग जे झालं ते मी त्या दवाखान्यात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काकांना विचारलं, सकाळी उठल्यावर काय घेता, कचेरीत डबा काय असतो, चालणं होतं का, झोप लागते का. काका सांगत होते आणि डॉक्टर ऐकत होते. खरोखर ऐकत होते. मग त्यांनी एक कोरा कागद ओढला, त्यावर ताट काढलं, ताटाचे भाग पाडले. "म्हणजे बघा, साखर फक्त साखरेच्या डब्यात नसते. भात पोटात गेला की त्याची साखरच होते. मासे खा, अंडी खा, भाजी भरपूर, भात मात्र मूठभर. आणि आता गावी आलाय, तर पेजेचा आग्रह होईल. ती अजिबात नको. पातळ असते, झटकन रक्तात उतरते. तुमच्यासाठी ती म्हणजे साखरेचं पाणीच."

बाबांनी मान वर केली. दवाखान्यात त्यांनी आपणहून तोंड उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"डॉक्टरांनू, पेज नको?"

"तुम्ही पेज खाता?"

"तीन वेळा खातंय. दुसरा काय्येक खाईत नाय. भात सोडलंय, मासळी पन सोडलंय."

डॉक्टर बाबांशी नाही बोलले. काकांकडे वळून किंचित हसले आणि म्हणाले, "बघा साहेब. असं असतं इकडे."

आणि भाईकाकाही हसले. समोरचा हसला की आपण हसतो तसं, रीत म्हणून. पण हसले. बाबा पुन्हा मान खाली घालून आपल्या पायाच्या पट्टीकडे बघू लागले.

आता मला स्वतःला साखर आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली बाई, पर्स घेतलेली, शुद्ध बोलणारी, त्यामुळे कुडाळातला तरुण डॉक्टर मला "मॅडम" म्हणतो आणि मोबाइलवर तक्ते उघडून दाखवतो. माझ्या आधी आत गेलेली बाई मिनिटभरात बाहेर येते. माझ्यावर मात्र पाव तास. मी ते मुकाट्याने घेत नाही. परवाच म्हटलं, "आता गेली तिला विचारलंत का, ती घरी काय खाते?" तो म्हणाला, "मॅडम, त्यांना सांगून कळत नाही." माझं तोंड फार वाईट आहे. मी त्याला जे बोलले त्यानंतर तो मला बघितलं की पंखा मोठा करतो. पण मान्य करायला हवं, त्या खुर्चीवर बसताना मला आजही शरम वाटते. ती मला कशाच्या बळावर मिळाली आहे ते मला ठाऊक आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना एसटीत काका पुढे बसले होते. बाबा माझ्या कानाशी वाकले. "बाय, घरात ह्यां बोला नको."

"कित्या?"

"तुजी आवस खचात. माका मासळी खाऊक सांगितल्यानी, इतक्यांच सांग."

"पन बाबा, ती पेज देतली तेचा काय?"

"मिया बघतंय काय तां."

त्यांनी काय बघितलं ते सांगते. आम्ही पोचलो तेव्हा आईने पेज चुलीच्या निखाऱ्यांवर गरम ठेवली होती. बाबा पाटावर बसले. तिने वाडगा भरून पुढे ठेवला, वर फुंकर घातली आणि समोर उकिडवी बसली, रोज बसायची तशी. बाबांनी वाडग्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि वाडगा तोंडाला लावला. मी काही बोलणार तोच दारातून भाईकाका ओरडले, "अरे, काय करतंस? वहिनी, ती पेज देव नको तेका! डॉक्टर सांगान थकलो, पेज म्हणजे साखरेचा पाणी. तेनाच तेचो पाय सडलो." इतकी वर्षं मुंबईत राहून काकांची मालवणी अशी एकदम बाहेर पडली.

आई काकांकडे बघत राहिली. "माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली. मग बाबांना म्हणाली, "तुमका म्हायत होता?"

"आज कळला."

"आणि तरी पिवक बसलात?"

तिने त्यांच्या हातातून वाडगा काढून घेतला. "म्हणजे मियाच," ती म्हणाली. "वर्सभर. शिते गाळ करून करून. मियाच घातलंय."

"तुजो काय दोष गो," बाबा म्हणाले. "माका इचारूक जमला नाय."

दोघं तिथे चुलीशी बसली होती, आणि दोघंही खाली बघत होती. आमच्याकडे चोरी नव्हती, कर्ज नव्हतं, कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, तरी त्या दिवसापासून घर असं वागू लागलं की जणू आमच्याकडून काही फार मोठं पाप झालंय. आई शेजारी जाईनाशी झाली. कुणी बाबांच्या पायाची चौकशी केली की ती कामाचं निमित्त करून आत पळे. बाबांनी त्या साली गाऱ्हाणं घातलं नाही, पाय दुखतो म्हणाले आणि मान त्यांच्या चुलत्याला दिला. लोकांना ते पटलं. मला नाही पटलं. लाज ही मोठी बिनडोक चीज आहे. ज्याच्या दारी जायला हवं तिथे जात नाही, आणि जे गरीब दार उघडं दिसेल तिथे शिरून ठाण मांडते.

गोव्यात बाबांची दोन बोटं गेली. पाय राहिला. भात मूठभर आणि मासळी भरपूर, एवढ्यावर साखर उतरली, इतकी सोपी ती गोष्ट होती. पुढे ते बरीच वर्षं जगले, लंगडत का होईना चिखलात उतरले. त्यामुळे नशीब आमचं बरं, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते.

इस्पितळातून आल्यावर पहिल्या पट्टीला तालुक्याला जायचं होतं. त्या सकाळी आई न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाली. ती कधी दवाखान्यात आली नव्हती. बाबा म्हणाले, "तू खंय?" ती म्हणाली, "येतंय." तिच्या हातात कापडी पिशवी होती, त्यात भाजून सोललेले काजूगर. ते तिने आदल्या दिवशी बसून फोडले होते, डिकाने बोटं काळी झाली होती. मला वाटलं, आता आई डॉक्टरांना विचारणार. माझ्या अंगात बळ आलं. मी एसटीत मनातल्या मनात तिची वाक्यं रचत होते. तुम्ही आमच्या माणसाला एकदा तरी विचारलंत का, काय खातोस? त्याला चोर का म्हणालात?

बाबा स्टुलावर बसले. आई बसली नाही. ती टेबलापुढे, रिकाम्या खुर्चीच्या बाजूला उभी राहिली आणि पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

"डॉक्टरांनू," ती म्हणाली, "मिया ह्येंची बायल. माजी चूक झाली. मिया तेंका पेज घातलंय. माका म्हायत नव्हता."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. त्यांचा चेहरा खरोखर मऊ झाला, हे मी खोटं सांगणार नाही. मी वाट पाहत होते. मला अगदी खात्री होती, आता ते उठतील, निदान नाही नाही म्हणतील.

"होतं असं," डॉक्टर म्हणाले. "पण बाई, एकदा विचारायला हवं होतं ना तुम्ही?"

"व्हय. इचारूक होया होता. चुकला." आईने पिशवी टेबलावर ठेवली आणि काळ्या बोटांचे हात जोडले. "माफी करा."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी पिशवी उचलून खणात ठेवली, आईकडे बघून मान हलवली, आणि तिला माफ केलं.